जुन्या ओम्नीत डिझेल इंजिन: एपेचं, छोट्या हत्तीचं, का आहे तेच पेट्रोल?

भाऊ, तुमचं सगळं नीट वाचलं. २००८ ची मारुती ओम्नी व्हॅन, एमपीएफआय (इंजेक्शनवालं पेट्रोल इंजिन), तेलगावहून रोज घाट चढून धारूरला भाजीपाला, पाच क्विंटलच्या आसपास माल, दिवसाला ४० किलोमीटर. ॲव्हरेज ११ वर आलंय, मागून निळा धूर निघायलाय, आणि तुमचा मिस्तरी म्हणायलाय की एपे तीनचाकीचं सिंगल सिलिंडर डिझेल इंजिन भंगारातून आणून २० हजारात बसवून देतो, नाहीतर छोट्या हत्तीचं (टाटा एसचं) दोन सिलिंडरचं ३५ मधी. कोणतं बसवू, घाट चढंल का, आरटीओचं काय, आणि जुनं इंजिन विकून टाकू का, हे तुमचे प्रश्न.

सिंगल सिलिंडर बसवू नका. छोट्या हत्तीचं बसतं, चालतं पण, पण ३५ मधी होत नाही आणि कागदावर अडकतं. तुमच्या रनिंगला आहे तेच पेट्रोल इंजिन नीट बांधून घेणं मला जास्त परवडणारं दिसतंय. आता कामून ते सांगतो, आणि तरीबी डिझेलच करायचं असंल तर कसं करायचं ते पण सांगतो, कारण अर्धवट माहितीवर गाडी कापली की मग ती ना पेट्रोलची राहते ना डिझेलची.

आधी एक गैरसमज काढून टाका. आपल्याकडं सगळे म्हणतात डिझेलला ओढ जास्त. बरोबर आहे, पण तेवढ्याच साईजच्या इंजिनात, आणि टर्बो असलं तर जास्तच. तुमच्या ओम्नीचं इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडर, ५००० आरपीएमला ३५ हॉर्सपॉवर, आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ६० न्यूटन मीटरच्या आसपास. छोटा हत्ती २००५ ला आला त्याचं इंजिन ७०२ सीसी, दोन सिलिंडर, बिनटर्बो, ३२०० आरपीएमला १६ हॉर्सपॉवर, टॉर्क ३८ च्या आसपास. म्हणजे ताकद निम्मी आणि टॉर्क पण दीडपटीनं कमी! एपेचं सिंगल सिलिंडर चारशे-साडेचारशे सीसीचं, साडेसात-आठ हॉर्सपॉवर, टॉर्क १८-२० धरा. मग छोटा हत्ती एवढा माल कसा ओढतो? तर गिअरमुळं. त्याचा गिअरबॉक्स आणि मागचा क्राऊन-पिनियन (मागच्या ॲक्सलमधले गिअर) त्या इंजिनासाठीच ठरवलेला असतो, गाडी पळायचीच नाही असं धरून. तुमचा मिस्तरी फक्त इंजिन काढून ओम्नीच्या गिअरबॉक्सला लावणार असंल तर ती ओढ भंगारवाल्याकडंच राहिली म्हणून समजा.

आता घाटाचा हिशोब. रिकामी ओम्नी पावणेआठशे-आठशे किलो, तुम्ही, माल, वरून डिझेल इंजिनाचं जास्तीचं वजन, सगळं मिळून १४०० किलो धरू. १०० मीटरला ८ मीटर चढ असंल अशा रस्त्यावर एवढं वजन ओढायला चाकापाशी साधारण १३०० न्यूटन जोर लागतो. गिअरबॉक्स-डिफरन्शिअलमधी थोडी ताकद जातेच, ती वजा करून १६ हॉर्सपॉवरचं इंजिन त्या चढाला जास्तीत जास्त २८ च्या स्पीडनं जाईल, ते पण योग्य गिअर मिळाला तर. साडेसात हॉर्सपॉवरवालं १३ नं. आणि तुमचं पेट्रोल, चांगल्या कंडिशनमधी, ५०-६० नं सुद्धा जाऊ शकतं. १३ च्या स्पीडनं घाट म्हणजे मागं ऊसाचे ट्रॅक्टर सुद्धा हॉर्न मारतील.

पण खरी गंमत पुढं आहे. ओम्नीचा पहिला गिअर साडेतीनच्या आसपास, मागचा रेशो पाचाच्या थोडा वर, म्हणजे इंजिनाचे साधारण १७-१८ फेरे झाले की चाकाचा एक. सिंगल सिलिंडरचा सगळा टॉर्क या पहिल्या गिअरमधून चाकाला गेला तरी हजार न्यूटनच्या आसपासच जोर येतो, आणि लागतेत १३००. म्हणजे पहिल्या गिअरमधी सुद्धा इंजिन दम सोडून बंद पडतं. हळूहळू चढंल असं पण नाही, चढतच नाही. सपाट रस्त्याला रिकामी चालवून दाखवतात, तेव्हा बरी वाटते, मालक खूश होतो, पैसे देऊन टाकतो, आणि पहिल्या लोडला चढावर उभी. मागं दगड लावायला एक माणूस कायमचा ठेवावा लागंल.

छोट्या हत्तीच्या इंजिनाला ओम्नीच्याच गिअरबॉक्सवर त्याच चढाला पहिला गिअर पुरतो, दुसऱ्यात जोर अगदी काठावर, जरा खड्डा आला का परत पहिला. पहिल्यात ३२०० आरपीएमला स्पीड १८ च्या आत-बाहेर. आणि सपाटीला काय? ओम्नीच्या १४५ आर १२ टायरचा एक फेरा १.७ मीटरच्या आसपास, टॉप गिअर सरळ एकास एक, रेशो पाच धरला तर ३२०० आरपीएमला गाडी ६५ वर संपली. पेट्रोल इंजिन ५००० पर्यंत फिरतं म्हणून तीच गाडी १०० ला जाते. डिझेलच्या पंपाला गव्हर्नर असतो, तो वर जाऊच देत नाही, आणि कुणी गव्हर्नरचा सील तोडून आरपीएम वाढवून देतो म्हणाला तर त्याला हात जोडा, ते इंजिन कनेक्टिंग रॉड बाहेर टाकून मोकळं होतं.

हे आकडे माझ्यावर विश्वास ठेवून धरू नका, स्वतः मोजा, अर्ध्या तासाचं काम आहे. गाडी न्यूट्रल करा, मागची दोन्ही चाकं जॅकवर घ्या आणि पुढच्या चाकांना ओट लावा. प्रॉपेलर शाफ्टला (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याला) खडूनं खूण करा, दोन्ही मागची चाकं बरोबरीनं एक फेरा फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. एकच चाक फिरवलं तर डिफरन्शिअल हिशोब बिघडवतं, म्हणून दोघांनी मिळून करा. टायरला पण खडू लावून लोडसहित गाडी जमिनीवर एक फेरा ढकला, टेपनं अंतर घ्या. बास, एवढ्या दोन आकड्यांवर कोणतंबी इंजिन तुमच्या गाडीत किती पळंल हे मिस्तरीच्या आधी तुम्ही सांगू शकता.

सिंगल सिलिंडरचं अजून एक. हे इंजिन वाईट आहे असं मी म्हणत नाही, उलट आपल्या संभाजीनगरच्या एमआयडीसीतच ग्रीव्हजची ही इंजिनं बनत आलीत, तालुक्याच्या गावात पार्ट मिळतो, कुणीबी खोलतो. पण ते तीनचाकीसाठी आहे. तिच्यात इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल सगळा एकच गठ्ठा मागं बसलेला, तिथून सरळ दोन शाफ्ट चाकाला. ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली आणि चाकं मागची फिरणार, त्यामुळं तो गठ्ठा कामाचा नाही, नुसतं इंजिन कापून घ्यावं लागतं. आणि थरथर! एका सिलिंडरचं इंजिन दोन फेऱ्यात एकदा पेटतं, म्हणजे हजार आरपीएमच्या आयडलिंगला सेकंदाला आठ धक्के, ते पण डिझेलच्या कॉम्प्रेशनचे. ओम्नीला जीपसारखी वेगळी जाड चासी नाही, बॉडीचाच पत्रा वाकवून केलेले मेंबर, त्यावर स्पॉट वेल्डिंग. अशी एक गाडी आमच्याकडं गिअर अडकतो म्हणून आली होती. खालून पाहिलं तर इंजिनाचा क्रॉस मेंबर जिथं बॉडीला मिळतो तिथं बोटभर चीर, कुणीतरी वरून वेल्डिंगचा डाग मारलेला, त्याच्या बाजूनं परत नवी चीर. गिअर अडकत नव्हता, इंजिनच तिरपं झालं होतं आणि लिव्हरचा रॉड घासत होता. सरकत्या दरवाजाचा वरचा रोलर पण थरथरून निघाला होता, दार सुतळीनं बांधलेलं. ह्या गाडीत मागं लेकरं बसून शाळेत जात होती म्हणे.

म्हणून डिझेल करायचंच तर छोट्या हत्तीचं, आणि जुनं साध्या पंपाचं इंजिन, नवं कॉमन रेलवालं नाही. कॉमन रेल म्हणजे ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर, सगळी वायरिंग, इमोबिलायझर, एक सेन्सर कमी पडला की गाडी चालू होत नाही. काही जण विचारतात की मारुतीच्याच सुपर कॅरीला ७९३ सीसीचं दोन सिलिंडर डिझेल होतं, ३२ हॉर्सपॉवरचं, ते घरचंच म्हणून बसंल का? ताकदीनं बेस्ट, पण ते कॉमन रेलच, आणि स्वस्ताच्या गोष्टीत ते बसत नाही. सोडा.

छोट्या हत्तीच्या जुन्या इंजिनाला २७५ म्हणतात. इंडिकाच्या डिझेलला ४७५, म्हणजे चार सिलिंडर ७५ चा बोअर, आणि हे त्याचंच निम्मं, दोन सिलिंडर ७५ चा बोअर. १४०५ सीसीचे निम्मे ७०२. त्यामुळं हे इंजिन ओळखीचं, मिस्तरी भरपूर, नांदेडपासून बीडपर्यंत पार्टला मरण नाही. घेताना इंजिन सुटं घेऊ नका. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, स्टार्टर, अल्टरनेटर, रेडिएटर, एक्सलेटरची वायर, गिअरचं लिव्हर आणि त्याचे रॉड, इंजिनाची फाउंडेशन रबरं, हा सगळा सेट एकाच गाडीतून काढलेला पाहिजे. सुटं इंजिन १०-१२ हजारांनी स्वस्त मिळतं आणि बाकीचं गोळा करता करता त्याच्या दुप्पट जातात.

गाडीतून काढायच्या आधी चालू करून बघता आलं तर बघा, थंड असताना. हात लावून बघा, गरम केलेलं असलं तर तुम्हाला दाखवण्यासाठी केलंय. चालू झाल्यावर ऑइल टाकायचं झाकण काढा, तिथून भकाभका धूर येत असंल तर रिंगा गेल्यात. रेडिएटरचं झाकण उघडून रेस केल्यावर बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केट नाहीतर हेडलाच क्रॅक. पुलीला धरून क्रँक पुढं-मागं ओढून बघा, डोळ्याला दिसण्याइतका प्ले असला तर नको. इंजिन घेतल्यावर टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर नवा टाका, जुना चांगला दिसतोय म्हणून ठेवू नका, बेल्ट तुटला की व्हॉल्व पिस्टनला भेटतात आणि स्वस्तातलं इंजिन महागात पडतं. आणि पावती! ज्या गाडीचं इंजिन आहे त्या गाडीची आरसी रद्द झाल्याचा कागद आणि इंजिन नंबर लिहिलेलं बिल. चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं तर पोलीस स्टेशनच्या चकरा तुम्हालाच, भंगारवाला ओळख दाखवत नाही.

गिअरबॉक्स छोट्या हत्तीचाच ठेवला तर दोन कटकटी वाचतात. एक म्हणजे बेल हाउसिंग, इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं क्लचवरचं घर. ओम्नीचा गिअरबॉक्स डिझेल इंजिनाला लावायला मधी जाड लोखंडी प्लेट करावी लागते, आणि तिथंच बहुतेक कामं वाया जातात. प्लेटला होल मारून चार बोल्ट बसले म्हणजे झालं असं नसतं, गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट आणि क्रँक एका रेषेत पाहिजेत, ०.१ मिलिमीटरच्या आत. बघायचं कसं, तर फ्लायव्हीलला मॅग्नेटवाला डायल गेज लावायचा, त्याची सुई प्लेटच्या मधल्या गोल होलच्या आतल्या कडेवर टेकवायची आणि क्रँक हातानं हळूहळू पूर्ण एक फेरा फिरवायचा. सुई एका बाजूला जेवढी पळते त्याच्या निम्मी प्लेट सरकवायची, परत फिरवायचं, जमेपर्यंत. मग डॉवेल पिन मारून जागा पक्की करायची, म्हणजे पुढं कधी गिअरबॉक्स उतरवला तरी तिथंच बसंल. लेथवाल्याकडं हा डायल असतो, तो काढायचा कंटाळा करतात. नाही केलं तर पायलट बेअरिंग ओरडतं, क्लच प्लेटचा मधला भाग तुटतो, आणि मिस्तरी म्हणतो क्लच प्लेट डुप्लिकेट होती.

दुसरी कटकट गिअरच्या रेशोची, ती वर सांगितली. छोट्या हत्तीच्या बॉक्सचे खालचे गिअर घाटाला कामी येतात. मागचा ॲक्सल मात्र शक्यतो ओम्नीचाच राहू द्या, ब्रेक, हँडब्रेकची वायर, कमानपाट्याच्या जागा सगळं जमलेलं असतं.

प्रॉपेलर शाफ्टची लांबी बदलणारच. कापून जोडायचा तर लेथवर चढवून सरळ करून, दोन्ही टोकाचे क्रॉसचे (युनिव्हर्सल जॉइंटचे) काटे एका लायनीत ठेवून वेल्ड करायचा आणि नंतर बॅलन्सिंग. हे काम संभाजीनगर-लातूरला जिथं ट्रकचे शाफ्ट बॅलन्स करतात तिथं होतं. इंजिन बसवताना त्याचा उतार आणि मागच्या पिनियनचा उतार सारखाच ठेवा, नाहीतर ४० च्या पुढं गाडी खालून घूं घूं करती आणि क्रॉस दर दोन महिन्याला मागती.

इंजिनाचे माउंटिंग पातळ पत्र्यावर मारू नका. छोट्या हत्तीचा इंजिन क्रॉस मेंबर मिळाला तर तोच घ्या, त्याच्या दोन्ही टोकाला खालून पाच मिलिमीटरच्या तळहाताएवढ्या प्लेटा, बॉडीच्या मेंबरला लांबवर वेल्ड करून, आणि मेंबर बोल्टनं, म्हणजे इंजिन उतरवायला गॅस कटर लागत नाही. वेल्डिंग करताना बॅटरीची वायर काढा आणि पेट्रोलची टाकी गाडीतून बाहेर. सांगायची गरज नाही असं वाटतं, पण आहे.

आता ब्रेक, आणि हे नीट वाचा, बाकीचं विसरलात तरी चालंल. तुमच्या ओम्नीला ब्रेक बूस्टर (पेडल हलकं करणारा डबा) असंल तर तो पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधल्या व्हॅक्यूमवर चालतो. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल बंद केला की आत ओढ तयार होती, ती बूस्टरला मिळते. डिझेलला असा थ्रॉटलच नसतो, हवा कायम मोकळी जाते, त्यामुळं मॅनिफोल्डला पाईप जोडला तरी बूस्टरला काहीच मिळत नाही. पेडल दगडासारखं होतं. रिकाम्या गाडीला जोर लावून थांबवता येतं, पाच क्विंटल घेऊन घाट उतरताना येत नाही. यासाठी डिझेल गाड्यांना अल्टरनेटरच्या मागं व्हॅक्यूम पंप असतो. तो अल्टरनेटर पंपासहित घ्या, त्याचं ऑइल येणं-जाणं दोन्ही पाईप नीट जोडा, आणि बूस्टरच्या पाईपमधी वनवे व्हॉल्व सरळ दिशेनं लागलाय का बघा. तपासायला इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, कडक होईल, तसंच दाबून ठेवून इंजिन चालू करा, पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर गाडी गॅरेजच्या बाहेर काढायची नाही. इंजिन भारी झाल्यानं पुढच्या चाकावर लोड वाढतो, त्यामुळं पुढचे शॉकअप आणि ब्रेक पॅड पण त्याच वेळी बघून घ्या.

डिझेलची लाईन: टाकी खाली उतरवून धुवा, पेट्रोलचा आतला इलेक्ट्रिक पंप काढून टाका. डिझेलला परत येणारी लाईन लागते, पंपातलं आणि नोझलचं उरलेलं डिझेल टाकीत परत जातं, ती लाईन टाकीच्या वरच्या बाजूला सोडा. पाण्याचा सेपरेटर असलेला फिल्टर पाहिजेच, आपल्याकडं कॅनमधून डिझेल आणून टाकायची सवय आहे. पाईप पेट्रोलचे जुने ठेवू नका, बारीक चिरेतून हवा ओढतात आणि सकाळी गाडी चालू होत नाही, मग रोज पाना घेऊन हवा काढत बसा. बॅटरी मोठी लागंल, ओम्नीची छोटी डिझेलचा स्टार्टर थंडीत फिरवत नाही, आणि अर्थ वायर जाड, इंजिन ते बॉडी वेगळी. हीटर प्लगला रिले आणि फ्यूज लावा, सरळ चावीवरून दिला तर चावीचं स्विच जळतं. एअर फिल्टर मोठा आणि तोंड वर ठेवा, कापूस वेचणीच्या दिवसातली आपल्याकडची रस्त्याची धूळ डिझेलच्या बोअरला खाऊन टाकते.

गरमीचं लोकांना वाटतं तेवढं अवघड नाही. १६ हॉर्सपॉवरच्या इंजिनाला ओम्नीएवढा रेडिएटर पुरतो, फक्त जाळी आतून साफ पाहिजे, थर्मोस्टॅट काढून टाकायचा नाही आणि फॅन चालू. मे महिन्यात ४३-४४ डिग्रीला घाट चढताना बघायचं. तुमच्या बुडाखालीच इंजिन आहे हे लक्षात ठेवा, सीटखालच्या झाकणाला जाड फेल्ट आणि त्याच्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, झाकणाच्या कडेचं रबर नवं. सायलेन्सरचा पाईप कुठंच वायरिंग किंवा डिझेलच्या पाईपजवळून जाऊ देऊ नका.

आता कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरसीवर जे लिहिलंय त्याच्याशी जुळणार नाही असा बदल परवानगीशिवाय गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी ५ हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पेट्रोलचं डिझेल करणं म्हणजे इंधन बदललं, इंजिन नंबर बदलला, सीसी बदलली. त्याच मेकचं त्याच प्रकारचं इंजिन टाकून आरसीवर नंबर बदलून घेणं वेगळं, ते लोक करतात. वेगळ्या कंपनीचं डिझेल टाकायचं तर आधी आरटीओची लेखी परवानगी, प्रदूषणाच्या नियमात बसणं, आणि भंगारातल्या जुन्या इंजिनाला तिथं हो म्हणून घेणं लई अवघड. गाडी एमएच-२३ ची आहे ना, तर बीडच्या ऑफिसला अर्ज घेऊन आधी विचारून या, गाडी कापायच्या आधी, एजंटला नाही, ऑफिसला. आणि पीयूसीचं तर सरळ आहे, मशीनवाला नंबर टाकतो, सरकारच्या ‘वाहन’ नावाच्या सिस्टीममधी पेट्रोल दिसतं, डिझेलची तपासणी धुराच्या मशीनवर वेगळी होते, तो कागद देणार कसा? तुमची २००८ ची म्हणजे पंधरा वर्षं होऊन पाच वर्षांचं रिन्यूअल झालेलं असंल, पुढच्या वेळी इन्स्पेक्टर इंजिन नंबर बघणारच. सगळ्यात वाईट म्हणजे इन्शुरन्स. घाटात कुणाला लागलं आणि कंपनीनं इंजिन बदललंय म्हणून हात वर केले तर भरपाई तुमच्या शेतातून जाईल.

आता पैसे. महिन्याला हजार किलोमीटर, पेट्रोल १०५ आणि डिझेल ९२ धरतो, तुमच्या पंपावरचा भाव टाकून परत करा. तसंबी परभणी-बीड पट्ट्यात पेट्रोल कधी स्वस्त नसतं, डेपोपासून लांब पडतं. आजच्या ११ च्या ॲव्हरेजला ९५०० चं पेट्रोल जातंय. इंजिन बांधून १४ आलं तर ७५००. छोट्या हत्तीचं इंजिन १८ देईल असं धरलं तर ५१०० चं डिझेल. डिझेलचं काम, सेट, लेथ, शाफ्ट, बॅटरी, रेडिएटर, वेल्डिंग, सगळं नीट केलं तर ७५ हजारांच्या खाली मला दिसत नाही, पेट्रोलचं फुल काम २५ हजारांच्या आसपास. म्हणजे पेट्रोलचे पैसे वर्षभरात वसूल. डिझेलला वरचे ५० हजार घालून महिन्याला २४०० जास्तीचे वाचतात, ते फिटायला पावणेदोन वर्षं, तेवढ्यात रिन्यूअलची तारीख दारात. दिवसाला दीडशे किलोमीटर असतं तर मी म्हणलो असतो ओम्नी विका आणि कागदासहित जुना छोटा हत्तीच घ्या, पांढऱ्या पाटीवर भाड्याचा माल टाकायची भानगड पण मिटते.

आणि फुल काम लागतंच का हे पण आधी बघा. निळा धूर कधी येतो? घाट उतरताना एक्सलेटर सोडून परत दाबला की भपकन येत असंल तर व्हॉल्वचे सील, ते हेड उतरवून कमी पैशात होतं. चढताना सारखाच येत असंल तर रिंगा. तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या, जे कमी आहे त्यात प्लगच्या होलमधून चमचाभर ऑइल टाकून परत मोजा, वाढलं तर रिंग-बोअर, नाही वाढलं तर व्हॉल्व. ११ ॲव्हरेज नुसत्या इंजिनाचंच नसतं, मागच्या चाकाचे ब्रेक चिकटलेले, क्लच घसरतोय, टायरमधी हवा कमी, ऑक्सिजन सेन्सर मेलेला, हे सगळं एका दिवसात तपासून होतं. त्यानंतर रस्त्यावर सीएनजीचा पंप असंल तर मान्यताप्राप्त किट, आरसीवर नोंद करून, हा बरा मार्ग आहे. घरातल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरवर चालवायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच, त्याच्या गाडीत बसू पण नका.

जुनं इंजिन विकायचं का, तर डिझेल केलंत तरी नाही. आरसीवर त्याचाच नंबर आहे, परवानगी नाही मिळाली तर तेच परत बसवावं लागणार. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमधी थोडं ऑइल टाका, क्रँक हातानं दोन फेरे फिरवा, प्लग परत लावा, इनटेक आणि सायलेन्सरची तोंडं कापड कोंबून बंद करा आणि लाकडी पाटावर ठेवा, गोठ्यात नको, तिथल्या ओलीनं बोअरला गंज धरतो. एमपीएफआयचा ईसीएम आणि वायरिंग कापू देऊ नका, सॉकेटला चिठ्ठ्या लावून पिशवीत बांधून इंजिनासोबतच ठेवा. कॉम्प्रेशनचे तीन आकडे आले की कळवा, मग हेड उतरवायचं का खालचं पण खोलायचं ते सांगतो.